पंचाची शिटी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या क्रीडास्पर्धांच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली. धर्मोपदेश करणे हा आमचा अधिकार नव्हे. आम्ही पडलो गळ्यात शिटी अडकवून मैदानावर धावणारे पंच. तेव्हा जे थोडेबहुत आम्हांस कळते, तेवढ्याचेच निवेदन करतो. बास्केटबॉलच्या खेळात अंगास अंग लागते, तेव्हा अपराध कोणाचा, हे पंचाने कसे ठरवावे?

आपल्या जालना जिल्ह्यात हुतूतू आणि खोखो हे खेळ गावोगाव रुजलेले आहेत. बास्केटबॉल मात्र दूरदेशीचा. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने, हिवाळ्यामुळे चार भिंतींत कोंडलेल्या तरुणांसाठी तो योजिला. त्याच्या मूळ १३ नियमांत खांद्याने ढकलणे, धरून ठेवणे व पाय घालून पाडणे यांस स्पष्ट मनाई होती. आणि एका पंचाने चेंडूकडे व दुसऱ्याने माणसांकडे पाहावे, अशी वाटणीही होती. एका माणसाचे डोळे पुरे पडत नाहीत, हे त्या गृहस्थाने पहिल्याच दिवशी ओळखले होते.

हुतूतूत प्रतिपक्षास शिवणे व धरून ठेवणे हाच खेळ. येथे त्याच गोष्टीचा अपराध होऊ शकतो. परंतु प्रत्येक स्पर्श अपराध नव्हे. २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद जागेत दहा जण धावणार, तेथे अंगास अंग लागायचेच. त्या स्पर्शाने कोणाचे अन्यायाने नुकसान झाले काय, हा खरा प्रश्न आहे. नियम असा की, खेळाडू जेवढ्या जमिनीवर रीतसर उभा आहे तेवढी जमीन व तिच्यावरचे आकाश त्याचे. शेतकऱ्यास जसा आपला बांध, तशी ही हद्द. बचाव करणारा प्रतिपक्षाकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकून वेळेवर उभा राहिला असेल आणि चेंडू घेऊन येणारा त्याच्या छातीवर आदळला, तर दोष येणाऱ्याचा. बचाव करणाऱ्याने हात सरळ वर केले, किंवा जागच्या जागी सरळ उडी मारली, तरी तो आपल्या बांधाच्या आतच आहे. तोच जर खांदा किंवा गुडघा आडवा घालील, तर बांध त्याने ओलांडला.

हे सांगावयास सोपे. परंतु सारा प्रकार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडतो. म्हणून पंचाने दोघांच्या मधली फट दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे. एखाद्याच्या पाठीमागे राहिल्यास पाठच दिसते, धक्का दिसत नाही. शिवाय कोण पडला, कोण ओरडला, यावरून निकाल देऊ नये. पडणे हा परिणाम आहे. कारण पाहिले असेल तरच शिटी वाजवावी.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो. परंतु पटले ते स्वतःच्या चुकीने. काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात एका मुरमाच्या मैदानावर आम्ही पंच होतो. एक संघ आपल्याच धर्मग्रामातील मुलांचा होता, दुसरा बाहेरगावचा. शेवटची दोन मिनिटे राहिली असता पाहुण्यांचा एक मुलगा रिंगकडे धावला, आपला मुलगा आडवा आला व कोसळला. आम्ही पाठीमागे होतो. आम्हांस फक्त कोसळणे दिसले, आणि आम्ही पाहुण्यावर फाऊल दिला. आपला मुलगा उठताना हसला, तेव्हाच मनात चर्र झाले.

आता लोक म्हणतील, पंचाने घरच्यांची बाजू घेतली! या भयाने आमची दृष्टी फिरली. पुढच्याच चढाईत आपला दुसरा एक मुलगा हात वर करून सरळ उभा असता पाहुणा त्याच्यावर आदळला, आणि आम्ही आपल्या मुलावर शिटी वाजविली. तो त्याचा पाचवा फाऊल होता. नियमाप्रमाणे त्यास बाहेर जावे लागले. तो काही बोलला नाही. सामना संपल्यावर जवळ येऊन त्याने एवढेच विचारले, “सर, मी सरळच उभा होतो ना?”

त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. पहिली चूक नजरेची होती, दुसरी अंतःकरणाची. एकाचे देणे फेडण्यासाठी आम्ही दुसऱ्याच्या घरात हात घातला होता, आणि एका मुलावरील अन्यायाचे दोघांवरील अन्याय झाले. पक्षपाती म्हणवून घेण्याचे भय हाही पक्षपातच होय, फक्त तो स्वतःच्या नावाचा असतो. दुसरे दिवशी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांसमक्ष आम्ही म्हणालो, “बाळा, तू सरळच उभा होतास. चुकलो ते आम्ही.” निकाल बदलला नाही, बदलताही येत नव्हता, परंतु त्या मुलाचे खरे त्याला परत मिळाले.

पंचामुखी परमेश्वर, असे आपले वाडवडील म्हणत आले. या म्हणीने पंचाने फुगून जाऊ नये. तिचे ओझे वाटले पाहिजे. घरात दोन लेकरांचे भांडण तोडणारी माता, वर्गातील गुरुजी, गावच्या बैठकीतील वडीलधारे, हे सारेच पंच. त्यांस आमची विनंती एवढीच: पाहिले नसेल ते पाहिले म्हणू नका, कालच्या चुकीची भरपाई आजच्या चुकीने करू नका, आणि चुकलात तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दारी जाऊन तसे सांगा.

मुलांनो, तुम्ही सरळ उभे राहा. शिटी कधी चुकेल, तरीही सरळच उभे राहा.