मूळ घर, पऱ्या आणि ग्रामसभा



ग्रामपंचायत हा विषय निघाला की रेडिओचा कान पिरगळून दुसरे केंद्र लावणारे पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना दोष तरी कसा द्यावा? पंचायत म्हटली की घरपट्टी, दाखले आणि निवडणुकीतली भांडणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मला आज बोलायचे आहे ते बंद घराविषयी. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडापासून राजापुरापर्यंत कोणत्याही वाडीत जा. पाखाडीने वर चढू लागलात की दोन्ही हातांना कुलपे दिसतात. काही कुलपे चकचकीत असतात, म्हणजे गेल्या गणपतीत कोणी तरी येऊन गेलेले असते. काहींना असा गंज चढलेला असतो की किल्ली आणली तरी ती फिरायची नाही.

जनगणनेचे आकडे हेच सांगतात. २००१ साली आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. देश वाढत होता, राज्य वाढत होते, आणि आपण दहा वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक माणसांनी कमी झालो. त्याच २०११ च्या गणतीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाप्ये मंडळी मुंबईला आणि घर सांभाळायला बाई, ही आपली जुनीच रीत. पण आता पुष्कळ ठिकाणी ती बाईही म्हातारी होऊन मुलाकडे विरार-नालासोपाऱ्याला गेली, आणि मागे उरले ते मूळ घर.

हे मूळ घर एकट्याचे नसते, खरी अडचण तिथे आहे. पणजोबांनी चिरा काढून बांधलेल्या घराला आज अकरा हिस्सेदार असतात, कुठे सतरा. मुंबईहून आलेला पुतण्या ओटीवर टेकतो न टेकतो तोच गावचे काका सुरू करतात, "अरे, घर सगल्यांचा, मग कौला परतायला मी एकटाच काय?" पुतण्या म्हणतो, "काका, मी माजा हिस्सा आता देतो. पन बाकीच्यांना तुमीच सांगा, माजा कोन ऐकनार?" काका कोणाला सांगत नाहीत, पुतण्याही देत नाही, आणि मृग निघतो.

कौलारू घर एका पावसात पडत नाही. ते फार सावकाश पडते. माकडांच्या उड्यांनी एक कौल सरकते. पाणी रिपेवर येते, रिपेवरून वाशात मुरते. ओल्या लाकडाला वाळवी लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आढे खचते आणि मग भिंतीवर सरळ पाऊस झोडतो. मातीत रचलेल्या चिऱ्यांचे सांधे धुऊन निघाले की भिंत पोट काढते. पहिल्या वर्षी जे काम दोन गडी आणि शंभरभर कौले यांत भागले असते, त्याला पाचव्या वर्षी लाखांनी मोजावे लागते. मग कोणीच हात लावत नाही.

"आमचे घर आहे, पडले तर आमचे पडेल, गावाला काय त्याचे?" असे कोणी म्हणेल. तर थोडे पाहू या. बंद घराच्या खळ्यात पावसाळ्यात कमरेइतके गवत माजते. माघ-फाल्गुनात ते वाळून कोळ होते. सड्यावरून वणवा उतरला की तो आंबा-काजूच्या बागेतून येतो, आणि जे आवार साफ आहे तिथे अडतो. जिथे गवत दारापर्यंत आहे तिथे अडत नाही. शेजारचे राहते घर त्या गवताच्या पलीकडे वीस पावलांवर असते. पाखाडीकडे झुकलेल्या भिंतीखालून पोरे शाळेत जातात. आणि त्या आवारातली विहीर? तिचा गाळ काढायला माणूस नाही म्हणून ती झाकून जाते, आणि वैशाखात तीच वाडी टँकरची वाट पाहत बसते. तेव्हा घर भाऊबंदांचे असले तरी त्याच्या पडण्याचा हिस्सा सगळ्या वाडीला मिळतो.

रत्नागिरी शहरात एखाद्या इमारतीत वीस बिऱ्हाडे एकत्र राहतात, त्यांची सहकारी गृहनिर्माण संस्था असते. १९६० चा सहकार कायदा तिला दरसाल सर्वसाधारण सभा घ्यायला लावतो, हिशेब तपासून घ्यायला लावतो, दुरुस्तीसाठी निधी बाजूला ठेवायला लावतो. संस्था गप्प बसली तर वर निबंधक आहे. आणि गावच्या सतरा हिस्सेदारांच्या घराला? ना सभा, ना हिशेब, ना निधी. सगळा कारभार नात्याच्या भरवशावर, आणि नाते तर कुठल्याशा बारशाच्या आमंत्रणावरून बिनसलेले!

आपल्याला सामाईक घर चालवता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. उभ्या हिंदुस्थानात सामाईक खोली कोकणी माणसाइतकी कोणी चालवली नसेल. गिरणगावात, लालबाग-परळ-वरळीच्या चाळींत, गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस गडी. एकाची पाळी सुटली की दुसरा कामाला, त्यामुळे निजायची जागा पाळीपाळीने. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी. महिन्याची वर्गणी ठरलेली, वहीत लिहिलेली. जमाखर्च मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवायचा. नवा पोरगा गावाहून आला तर तो कोणाच्या ओळखीवर राहणार, हेही ठरलेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि त्या खोल्यांची रया गेली, हे खरे. पण ज्यांनी दहा बाय बारात पंचवीस माणसे पिढ्यान् पिढ्या नांदवली, त्यांच्याच नातवांना पाच खणी घराची कौले परतता येत नाहीत, याचा अर्थ काय? माझ्या मते अर्थ इतकाच की खोलीला वही होती आणि घराला वही नाही.

ही वही कोणी घालायची? इथे पंचायतीचा संबंध येतो.

पंचायतीपाशी घरांची एक नोंद आहेच. तिला नमुना ८ म्हणतात, कर आकारणीची नोंदवही. तीत पुष्कळदा अजून आजोबांचेच नाव असते. आजोबा जाऊन चाळीस वर्षे झालेली असतात. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या वहीत नाव लागले म्हणजे मालकी आली असे नव्हे, आणि नाव नाही म्हणून हक्क बुडाला असेही नव्हे. ती कराची वही आहे, न्यायालयांनी हे वारंवार सांगितले आहे. म्हणूनच तिथे सगळ्या वारसांची नावे लागायला भिण्याचे कारण नाही. जमिनीची वारस नोंद तलाठ्याकडे, ती वेगळी. तिची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. आणि "वारस" म्हटल्यावर बहिणी वगळू नका. महाराष्ट्राने १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा दिला, आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेली आणि न झालेली हा भेदही काढून टाकला. बहीण आपखुशीने हक्क सोडत असेल तर ते हक्कसोडपत्र नोंदवलेले हवे. भाऊबीजेच्या ताटात कोऱ्या कागदावर घेतलेली सही कामाची नाही, आणि शोभतही नाही.

आता थोडा पेच सांगतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत ते ग्रामसभेचे सभासद. चाकरमान्याचे नाव मुंबईच्या यादीत. म्हणजे घराचा मालक सभेचा सभासद नाही, आणि सभेचा सभासद त्या घराचा मालक नाही. घरपट्टी मुंबईहून येते, हात गावात वर होतो. त्यात ग्रामसभा वर्षातून निदान चार व्हाव्या लागतात, आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ठराविक तारखांना ठेवतात. आपली माणसे गावात केव्हा असतात? शिमग्याला, गणपतीत आणि मे महिन्यात. मेची सभा सोडली तर सरकारी पंचांग आणि आपले पंचांग एकमेकांची तोंडे पाहत नाहीत. सभेला मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तितके यावे लागतात. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि त्याच गावात पालखी नाचवायला हजार माणूस लोटते.

या पालखीकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. शिमग्यात ग्रामदेवता सहाणेवरून उठून घरोघर जाते. ज्याच्या दारी पालखी यायची त्याने दार उघडायलाच हवे. त्यासाठी कोणी तरी रात्रीची गाडी पकडून येतो, खळे सारवतो, जळमटे काढतो. मूळ घरी गणपतीही एकच; तो यंदा कोणाच्या पाळीचा हे भाऊबंदांत ठरलेले असते. मला तर वाटते, आपली निम्मी मूळ घरे आज उभी आहेत ती कायद्याने नव्हे, पालखीने आणि पाळीच्या गणपतीने उभी आहेत. मग ज्या दिवसांत अकरापैकी नऊ हिस्सेदार एका ओटीवर जेवतात, त्याच दिवसांत घराची गोष्ट का काढू नये? नियमित चार सभा होऊनही सरपंचांना जादा सभा बोलावता येते. ती गणपतीत बोलवावी. चाकरमान्यांना हात वर करता येणार नाही; पण त्यांना समोर बसवून, त्यांचे ऐकून, मग गावाने ठराव करावा.

ठरावात फार काही नको. वाडीवार एक वही: घर कोणत्या नावाने ओळखतात, हिस्सेदार कोण, प्रत्येकाचा फोन, किल्ली कोणाकडे, घरपट्टी कोठवर भरली, कौले केव्हा परतली. प्रत्येक घराने एक माणूस नेमून द्यावा, गावातला असला तर उत्तम. पंचायतीने त्याच्याशी बोलावे आणि त्याने बाकीच्यांशी. शिमग्याआधी आवाराचे गवत काढायचे आणि सड्याच्या कडेने जाळरेषा मारायची, खर्च हिस्सेदारांच्या नावे लिहायचा. भिंत झुकली असेल तर नोटीस आजोबांच्या नावे काढण्यापेक्षा त्या माणसाच्या हाती द्यायची. अधिनियमाच्या ४९ व्या कलमाखाली ग्रामसभेला समित्या नेमता येतात. त्यांतल्या एखादीकडे ही वही सोपवता येईल.

हे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी बंधाऱ्याकडे पाहावे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जांभ्यातून झिरपतो, पऱ्याने वाहतो आणि समुद्राला मिळतो. मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेमुळे ज्याला वनराई बंधारा हे नाव रूढ झाले, तो आता कोकणातल्या वाड्या श्रमदानाने घालतात. त्याला काय लागते? सिमेंटची रिकामी पोती, पऱ्यातली वाळू-माती, आणि पंचवीस माणसांचा एक दिवस. पोती गच्च भरायची नाहीत, पाऊण भरायची, म्हणजे एकमेकांत दबून बसतात. तोंड शिवायचे. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दोन भिंती घालून मध्ये चिकण माती कुटायची. मात्र पाऊस गेल्यावर, पऱ्या अजून वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच हे झाले पाहिजे. पौषात पोती रचून काय अडवणार? जिथे हा बंधारा वेळेवर पडतो तिथे खालच्या विहिरींना पाणी जास्त दिवस टिकते. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आणि २०२० पासूनच्या 'माझी वसुंधरा'त गावे बक्षिसासाठी राबली, त्यात गैर काही नाही. बक्षिसाचा फलक लागला आणि दुसऱ्या वर्षी पऱ्याकडे कोणी फिरकले नाही, असे जिथे झाले तिथे वही नव्हती, असेच आढळेल.

शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांना दोरीला गाठी मारून महिन्याच्या पहिल्या तारखेला वाडीच्या विहिरीचे पाणी मोजू द्या. बंद घरे मोजू द्या, झुकलेल्या भिंती नकाशात दाखवू द्या. ग्रामसभेत मास्तरांनी आकडा सांगितला की वाद होतो. पोराने सांगितला की सगळे ऐकतात.

आणि एक इशारा. वही गावकीच्या हाती गेली तर ती माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरली जाईल, ही भीती खोटी नाही. वर्गणी दिली नाही म्हणून पालखी दारावरून नेली, बोलणे बंद केले, असे प्रकार कोकणात झाले आहेत. त्यासाठीच २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. ज्या रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर सर्वांना उघडे झाले, त्या जिल्ह्यात आज कोणाचे दार वगळून पालखी जावी हे बरे नव्हे. म्हणून वही पंचायतीच्या कचेरीतच हवी, कोणालाही पाहता येईल अशी, आणि ती महिलांच्या सभेतही वाचली जावी. घर कोठे गळते हे बायकांना आधी कळते.

जादा सभा गणपतीत हवी असेल तर विषयपत्रिका आधी ठरावी लागते, नोटीस लागावी लागते, दवंडी व्हावी लागते. तेव्हा नारळी पौर्णिमेच्या आत आपल्या ग्रामसेवकांकडे, ज्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पाच-दहा जणांच्या सह्यांचा साधा अर्ज द्या. त्यात एकच विषय लिहा: वाडीतील सामाईक घरांची नोंद. आणि त्याच दिवशी मुंबईला फोन करून विचारा, यंदाचा गणपती कोणाच्या पाळीचा आहे.