तीन पडदे, एक नजर



संगणकातल्या आभासी जगात शिरायचं तर एक मॉनिटर अपुरा पडतो, म्हणून लोक शेजारी दुसरा, तिसरा मांडतात. माझं सांगणं असं की, नुसते पडदे वाढवून जग रुंदावत नाही. प्रत्येक पडद्यातलं दृश्य बघणाऱ्याच्या डोळ्याशी जुळावं लागतं.

आधी हिशेब बघू. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो. ६० सेंटिमीटरवर बसलं, तर तो डोळ्यापुढचे जेमतेम ४८ अंश व्यापतो. आपली आडवी नजर १८० अंशांच्याही पुढे जाते. विमान उडवण्याचा सराव संगणकावर करणाऱ्याला ही उणीव फार जाणवते. उतरण्यासाठी वळायचं असतं, तेव्हा धावपट्टी डाव्या खांद्याच्या बाजूला असते आणि समोर दिसतं नुसतं आकाश.

आता तीन मॉनिटर जोडले. पुष्कळ प्रोग्राम त्यांना एकच लांब पडदा समजतात आणि एकाच कॅमेऱ्याचं दृश्य त्यावर पसरतात. मधोमध सगळं ठीक असतं. पण मध्यापासून ६० अंशांवर चित्र आडवं चौपट ताणलं जातं. बाजूचे मॉनिटर आपल्याकडे वळवलेले असल्यामुळे हा ताण डोळ्याला खुपतो. गोल घुमट पसरट होतो, झाडाचा बुंधा फुगतो.

खोलीच्या तीन भिंतींना तीन खिडक्या असाव्यात, तसे हे पडदे समजावेत. प्रत्येक खिडकीतून वेगळ्या दिशेचं दिसणार. म्हणून प्रत्येक पडद्याला स्वतंत्र कॅमेरा द्यायचा आणि टेबलावर मॉनिटर जितके अंश वळवलाय, तितकेच अंश तो कॅमेराही वळवायचा. दोन पडद्यांमधल्या चौकटीमागे जेवढं दृश्य लपायला हवं, तेवढं वगळायचं. मग चौकटीआड गेलेला विजेचा खांब पलीकडे योग्य जागी निघतो.

ही कल्पना जुनी आहे. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘केव्ह’ लोकांपुढे मांडली. त्या खोलीच्या भिंतींवरच दृश्य पडे आणि बघणाऱ्याचं डोकं हललं की तेही बदले. १९९३ मध्ये ‘डूम’ या खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत तीन संगणक जोडून समोर, डावीकडे आणि उजवीकडे बघता येई. ती सोय लवकरच काढून टाकण्यात आली.

मला सर्वांत भावली ती गुगलच्या अभियंत्यांनी उभारलेली ‘लिक्विड गॅलक्सी’. अर्धवर्तुळात उभे पडदे आणि त्यांवर गुगल अर्थ. मुख्य संगणक बाकीच्यांना चित्र पाठवतच नाही. कॅमेऱ्याचे अक्षांश, रेखांश, उंची, दिशा एवढे आकडे नेटवर्कवरून जातात. प्रत्येक संगणक त्यात स्वतःच्या पडद्याचा कोन मिळवतो आणि आपलं दृश्य आपणच रेखाटतो. एकाच संगणकावर तीन फुल एचडी पडदे चालवले, तर त्याला दर फ्रेमला ६२ लाखांवर पिक्सेल रंगवावे लागतात. इथे ते ओझं वाटलं जातं.

हे तत्त्व आपल्या शाळांच्या फार कामाचं आहे. गुगल अर्थ प्रो २०१५ पासून मोफत आहे, पडदे जुळवण्याची ही सोय त्यातच आहे आणि संगणककक्षात एका रांगेत मांडलेले संगणक असतातच. कोकणातून सह्याद्रीची भिंत चढत देशावर येणं मुलांनी तीन पडद्यांवर पाहिलं, तर घाटमाथा म्हणजे काय हे नकाशाहून लवकर कळेल.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. नवे मोठे पडदे मागवण्याआधी हाताशी असलेले तीन संगणक नेटवर्कने जोडा. मोजपट्टी आणि कोनमापक घ्या, मुलांनाच अंतर आणि कोन मोजू द्या, आणि ते आकडे प्रोग्राममध्ये भरा. भूगोलाच्या तासाला भूमितीही शिकवून होईल.