दुष्काळ, उष्मा आणि चेन्नईचा धडा

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



जून २०१९ मध्ये चेन्नईला पाणी पुरविणारे पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. त्याच दिवसांत शहराचा पारा ४० अंशांवर चढला होता. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून २५ लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी विल्लिवाक्कम येथे पोहोचली. महाराष्ट्रातील कॉम्रेड्सना हे दृश्य अपरिचित नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला असेच पाणी गेले होते. दोन्ही प्रसंगी निसर्गाच्या कोपाकडे बोट दाखविण्यात आले. म्हणून निसर्गाचा वाटा किती आणि समाजव्यवस्थेचा किती, हे शास्त्राच्या आधारे तपासणे अगत्याचे आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बरेचसे पाणी पश्चिम घाटावर रिते करतात. त्यामुळे तमिळनाडूचा पूर्व किनारा मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसावर जगतो. चेन्नईच्या वार्षिक सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक याच तीन महिन्यांत पडतो. प्रशांत महासागराचे पाणी तापून 'एल निनो' अवतरला, की नैर्ऋत्य पाऊस बहुधा दुबळा होतो आणि ईशान्य पाऊस बहुधा बळावतो. २०१५ मध्ये मराठवाडा होरपळत असता डिसेंबरात चेन्नई महापुरात बुडाली. २०१६ मध्ये मराठवाड्याला पाऊस लाभला, तर तमिळनाडूचा ईशान्य पाऊस फसला. अर्थात हा अटळ नियम नव्हे. २०१८ च्या अखेरीस ईशान्य पाऊस पुन्हा अपुरा पडला आणि पुढच्या उन्हाळ्यात टंचाईने कळस गाठला.

दुष्काळ आणि उष्मा हे परस्परांना पोसतात. ओल्या जमिनीवर सूर्याची बरीच उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. कोरड्या जमिनीवर तीच उष्णता हवा तापविते. तापलेली हवा जलाशयांतील उरलेसुरले पाणी शोषून घेते. त्यातच मे-जूनमध्ये जमिनीवरून येणारे पश्चिमेचे वारे प्रबळ झाले, की समुद्रावरचा गार वारा उशिरा येतो. ३१ मे २००३ रोजी चेन्नईचे तापमान ४५ अंशांपर्यंत गेले होते. जागतिक तापमानवाढ या साऱ्याचा पाया आणखी उंचावीत आहे.

परंतु २०१५ चा महापूर आणि २०१९ ची टंचाई यांत अवघ्या चार वर्षांचे अंतर आहे. पाणी साठविणारी तळी आणि पळ्ळिकरणैसारखी दलदल बांधकामांनी गिळली. दलदलीचा उरलेला भाग २०२२ मध्ये रामसर यादीत आला, तेव्हा तिचा बहुतांश भाग नष्ट झाला होता. टंचाईत ज्याच्या हाती पैसा त्याच्या दारी टँकर आला; कष्टकरी वस्तीतील स्त्रिया घागरी घेऊन रात्री-अपरात्री रांगेत उभ्या राहिल्या. बांधकाम मजुराला तर दुपारच्या उन्हातून सुटका नव्हती, कारण काम थांबले की त्याची मजुरीही थांबते.

तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्यस्तरीय आपत्ती म्हणून मान्यता दिली, हे स्वागतार्ह आहे. मात्र मृत्यूनंतरच्या भरपाईवर समाधान मानता येणार नाही. भर उन्हात कामबंदी आणि त्या तासांची पूर्ण मजुरी, पाणीवाटपावर सार्वजनिक नियंत्रण आणि तलावांच्या जमिनींचे रक्षण या मागण्या कामगार संघटनांनी आपल्या नित्याच्या मागणीपत्रात समाविष्ट केल्या पाहिजेत. वाऱ्याची दिशा कोणत्याही ठरावाने बदलत नाही; पाण्याची वाटणी मात्र संघटित लढ्याने बदलता येते.