जुना संगणक विकण्यापूर्वी



जनावर विकले तरी दावे द्यायचे नाही, ही मराठवाड्यातील शेतकऱ्याची जुनी रीत. बाजारात बैलाचा सौदा पटला की मालक दावे सोडून घेतो आणि घरी आणतो. संगणक विकताना मात्र भली शिकलेली मंडळीही घराच्या किल्ल्या आणि कागदपत्रांची पेटी गिऱ्हाइकाच्या हाती देऊन मोकळी होतात.

विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे घरांत, दुकानांत, शाळांत जुने संगणक मोडीत काढण्याचा विचार होणे स्वाभाविक आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ घरच्या छायाचित्रांचा नाही. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. त्यासाठी शेतकऱ्यांनी सेवा केंद्रांवर जाऊन आधार, सातबारा, बँक पासबुक आणि पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र दिले. हे सारे कागद स्कॅन होऊन केंद्राच्या संगणकात गेले. पुढे भलत्याच्याच जमिनीवर काढलेल्या बोगस विम्याची प्रकरणे उघडकीस आली, त्यांत बीडचे नावही वारंवार आले आणि २०२५ मध्ये ती योजना बंद झाली. अशा केंद्राचा संगणक न पुसता विकला गेला, तर एका यंत्राबरोबर शेकडो कुटुंबांची ओळखपत्रे बाजारात जातात. त्यांतील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी वर्षातील पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात असतात. आपल्या कागदांवर कोणी कर्ज उचलले, हे त्यांना कळणार तरी केव्हा?

‘आम्ही सर्व डिलीट केले आहे’ हे उत्तर हमखास मिळते. गावाच्या नोंदवहीतून घराचे नाव खोडले म्हणून घर पडत नाही. डिलीट केल्यावर जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फाइलीची नोंद तेवढी जाते, मजकूर जागेवर राहतो. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो सहज उपलब्ध अशा साधनांनी परत मिळू शकतो. झटपट फॉरमॅटची कथाही तीच. अमेरिकेतील सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलत या संशोधकांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार चालू स्थितीतील १२९ पैकी अवघ्या १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. जुनी यंत्रे निष्काळजीपणे काढून टाकल्याबद्दल मॉर्गन स्टॅन्लीच्या एका शाखा-कंपनीला २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर दंड झाला.

मग करावे काय? प्रथम हवे ते दुसऱ्या डिस्कवर उतरवावे आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. पुसल्यानंतरचा पश्चात्ताप व्यर्थ असतो. ब्राउझरमधील पासवर्ड काढावेत, सर्व खात्यांतून बाहेर पडावे. टॅलीसारख्या प्रणालीचा परवाना त्या यंत्रावरून परत करावा. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यंत्राला लटकलेले राहू नये.

विंडोज १० वा ११ असेल तर ‘रिसेट धिस पीसी’ मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून आतील ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करावा. तो बंद राहिला, तर काम अर्धवटच होते. क्लीन डेटाला काही तास लागतात. रात्री लावून ठेवावे, आणि वीजपुरवठ्याचा भरवसा नसेल तर यूपीएस जोडावे. पस्तीस वेळा पुसल्याखेरीज माहिती जात नाही, हा समज १९९६ च्या एका निबंधावरून पसरला. खुद्द निबंधकारानेच नंतर तो खोडून काढला आहे. आजच्या चुंबकीय डिस्कवर सर्वत्र एकदा शून्ये लिहिली, की घरगुती कामाला पुरेसे होते.

एसएसडीचे मात्र वेगळे आहे. ती झीज समान राहावी म्हणून मजकूर आपल्या मर्जीने निरनिराळ्या कप्प्यांत ठेवते, त्यामुळे वरून लिहिलेले प्रत्येक कप्प्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. तिच्यासाठी उत्पादकाचे ‘सिक्युअर इरेज’ साधन वापरावे. त्याहून उत्तम म्हणजे, पहिल्या दिवसापासूनच सारी डिस्क कूटबद्ध ठेवावी. विकताना किल्ली नष्ट केली, की उरतो तो निरर्थक अक्षरांचा ढीग.

घरगुती वापरातील माहिती २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि सेवा केंद्रे मात्र त्यात येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत; माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

संगणक सुरूच होत नसेल, तर पुसण्याचा प्रश्न उरत नाही आणि धोका तसाच राहतो. टेबलावरच्या संगणकातील डिस्क बहुधा चार स्क्रू काढले की हाती येते. ती काढून घेऊन उरलेले यंत्र विकावे. किंमत थोडी उतरेल, उतरू द्यावी. चुंबकीय डिस्कच्या आतील तबकड्यांना आरपार भोके पाडावीत, एसएसडी असेल तर तिच्यावरील चिप फोडाव्यात आणि तो भंगार माल नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच सोपवावा.