हद्दीपलीकडची मजुरी



आमच्या गटातल्या चौदा जणींच्या मजुरीचा हुकूम जवळजवळ वर्षभर पत्र्याच्या पेटीत पडून होता. गोल शिक्का होता, साहेबांची सही होती, रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली होती. पैसा मात्र एक आला नव्हता. तो पैसा शेवटी कसा मिळाला, ते आज तुम्हाला सांगणार आहोत. कारण आपल्या भागातल्या पुष्कळ बायकांचं काम एका जिल्ह्यात, मालक दुसऱ्या जिल्ह्यातला आणि मुकादम तिसऱ्याच गावचा, अशी गत असते.

आमचं गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून आहे. सांगली, सोलापूर, विजयपूर हा सगळा पट्टा बेदाण्याचा. फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर बायकांना हाताला काम असतं. चार वर्षांपूर्वी हद्दीपलीकडच्या एका व्यापाऱ्याने आमच्या गावातली शेड हंगामापुरती भाड्याने घेतली. बेदाणा निवडायला, काड्या काढायला, प्रतवारी करून बॉक्स भरायला बायका हव्या होत्या. रोज तीनशे ठरला. खरं सांगायचं तर त्या बायकांना तिथे आम्हीच पाठवलं. गटाच्या बैठकीत आम्हीच म्हणालो होतो, "घराजवळ काम आहे, जा."

पहिला महिना दर शनिवारी पगार झाला. मग "माल विकला की देतो" सुरू झालं. अडतीस दिवसांची मजुरी तटली. एक दिवस सकाळी बायका शेडवर गेल्या तर रॅक रिकामे, वजनकाटा नाही, शेठ नाही. एकेकीचे अकरा हजार चारशे. चौदा जणींचे मिळून एक लाख एकोणसाठ हजार सहाशे.

पुढचे दिवस वाईट होते. बँकेच्या कर्जाचा हप्ता कुणाचा भरला जाईना. एकीने मुलीच्या बारावीच्या फीसाठी ते पैसे धरले होते, एकीने बियाण्यासाठी. बैठकीत बायका आमच्याकडे बघून गप्प बसायच्या. ते गप्प बसणं भांडणापेक्षा जड होतं. एक आक्का तर म्हणाली, "त्या शेडलाच कुलूप घालू." पण शेड व्यापाऱ्याची नव्हती. गावातल्याच शेतकऱ्याची होती आणि त्याची बायको शेजारच्या गटात. कुलूप घातलं असतं तर पैसे मिळाले नसतेच, गाव मात्र फुटलं असतं.

आमच्याकडे एकच गोष्ट चांगली होती. आमच्यातली एक वैनी दहावी शिकलेली. ती रोज संध्याकाळी हजेरी वहीत मांडायची. तारीख, नाव, खाडा, किती बॉक्स भरले, सगळं. बेदाण्याच्या रिकाम्या बॉक्सवर व्यापाऱ्याच्या पेढीचं नाव आणि पत्ता छापलेला होता. तसा एक बॉक्स एकीने घरी बाजरी ठेवायला नेला होता. त्याच बॉक्सने पुढे काम केलं.

आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. ही गोष्ट नीट ऐका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, स्त्री असणं पुरेसं आहे. १५१०० या नंबरवर फोन करूनही मदत मागता येते. आम्हाला वकीलबाई मिळाल्या. कामगार कार्यालयात तक्रार झाली. शेठ दोन तारखांना आला, मग यायचाच बंद झाला. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. वही बघून, बायकांच्या साक्षी घेऊन हिशोब ठरला आणि सव्वा वर्षाने हुकूम झाला. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

ती आमची चूक झाली. आम्हाला वाटलं, आता शेठला पैसे द्यावेच लागतील, कुणी तरी सरकारी माणूस येऊन वसूल करेल. तसं कुणी आपण होऊन येत नाही. हुकूम झाला म्हणजे पैसे देणं लागतात एवढं ठरतं. ते वसूल करायला वेगळा अर्ज करावा लागतो.

तो अर्ज केला. त्यावर वसुली दाखला निघाला आणि आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. म्हणजे शेतसारा थकला तर जशी वसुली होते, तशी या मजुरीची वसुली करायची. आधी नोटीस, मग जप्ती, तरी नाही दिले तर लिलाव. ऐकायला मोठं वाटलं. कागद तहसीलला आला, तिथून तलाठ्याकडे. तलाठी शेडवर जाऊन आले आणि त्यांनी लिहून दिलं की शेड बंद आहे, इसम इथे राहत नाही, त्याच्या नावे इथे मालमत्ता नाही. त्यांनी लिहिलं ते खरंच होतं. शेठचं घर, जमीन, सगळं हद्दीपलीकडे. कागद परत गेला आणि आमची हुकमाची प्रत पेटीत गेली.

याच काळात शेठचा माणूस गावात येऊन गेला. "तीन-तीन हजार घ्या आणि सह्या करा, पुढे काही मिळणार नाही," म्हणाला. दोघींनी घेतले. आम्ही त्यांना बोल लावला नाही. एकीचा नवरा दवाखान्यात होता.

वर्षाने वकीलबाईंनी पुन्हा विषय काढला. म्हणाल्या, "तुमचा हुकूम बरोबर आहे, फक्त चुकीच्या जिल्ह्यात बसलाय. मालमत्ता जिथे आहे तिथे तो पाठवायला हवा." आम्ही विचारलं, "म्हणजे तिकडे जाऊन पुन्हा केस करायची? कानडीत?" त्या म्हणाल्या, "नाही. केस पुन्हा करायची नाही."

मैत्रिणींनो, १८९० चा एक कायदा आहे, महसूल वसुली अधिनियम. इंग्रजांच्या वेळचा, पण आजही चालतो. त्याच्या कलम ३ मध्ये सोय आहे. थकबाकीदार माणूस किंवा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर आपले जिल्हाधिकारी त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवू शकतात. दुसरा जिल्हा दुसऱ्या राज्यात असला तरी चालतं. दाखला मिळाला की तिकडचे जिल्हाधिकारी आपल्याच जिल्ह्याची थकबाकी असल्यासारखी ती वसूल करतात. मजुरी खरंच देणं होती का, हे ते पुन्हा तपासत बसत नाहीत. वसूल झालेली रक्कम खर्च वजा करून आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे येते.

शेठला हरकत घ्यायची असेल तर त्याने आधी हरकत नोंदवून पैसे भरायचे आणि मग दावा लावायचा. तो दावाही जिथून दाखला निघाला त्या जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात. म्हणजे हेलपाटे त्याला, आपल्याला नाही. हे ऐकलं तेव्हा कुलूप घालायला निघालेली आक्का पहिल्यांदा हसली.

पण दाखला नुसता नावावर जात नाही. शेठचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, कोणत्या गटात किती जमीन, हे सगळं द्यावं लागलं. ते शोधायचं काम सरकार करेल म्हणून बसलो असतो तर अजून बसलो असतो. बॉक्सवरच्या पत्त्यावरून तालुका कळला. आमच्यातल्या एका मावशीचं माहेर त्याच तालुक्यात. आपल्याकडे हद्द नकाशावर आहे, सोयरीक दोन्हीकडे आहे. मावशीच्या भावाने शेठच्या जमिनीचा उतारा काढून दिला. आपल्या सातबारासारखाच तिकडचा कागद, कानडीत. त्यात शेठचं आणि वडिलांचं नाव होतं. आमच्या हुकमातही पेढीच्या नावासोबत शेठचं स्वतःचं नाव होतं, कारण वकीलबाईंनी पहिल्या अर्जापासून दोन्ही नावं लिहायला लावली होती. नुसत्या पेढीच्या नावाचा हुकूम असता तर जमिनीपर्यंत पोचताना अडचण आली असती.

मग आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला. सोबत हुकमाची प्रमाणित प्रत, आधीचा वसुली दाखला, तलाठ्यांचा अहवाल आणि तो उतारा जोडला. तलाठ्यांचा जो अहवाल वाचून आम्ही रडलो होतो, तोच आता उपयोगी पडला. इथे मालमत्ता नाही याचा तो सरकारी पुरावा होता. कागद इंग्रजीत करून घेतले, म्हणजे तिकडच्या कार्यालयात मराठी वाचणारं कुणी नाही म्हणून अडायला नको. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतला. पुढे दर महिन्याला दोघी-दोघी जायच्या आणि तो नंबर दाखवून कागद कुठवर गेला ते विचारायच्या. गाडीभाडं गटाच्या बचतीतून दिलं आणि तसा ठराव वहीत लिहिला.

दाखला हद्दीपलीकडे गेला, तिकडच्या तहसीलमधून शेठला नोटीस गेली. तरी तो हलला नाही. मग त्याच्या उताऱ्यावर थकबाकीची नोंद चढली. पुढच्या हंगामात तो बँकेत पीककर्जाला गेला, तेव्हा ती नोंद आडवी आली. त्यानंतर त्याने दोन हप्त्यांत रक्कम भरली. काम सुटल्यापासून पैसे हातात येईपर्यंत तीन वर्षांच्या वर काळ गेला.

ज्या दोघींनी तीन हजार घेतले होते त्यांच्या रकमेतून ते वजा झाले, बाकीचे मिळाले. त्यांनी सही केलेल्या कागदावर "तीन हजार पोचले" एवढंच लिहिलं होतं, म्हणून वाचलं. एका काकूंचे पैसे आणखी चार महिने अडकले. यादीत त्यांचं माहेरचं नाव, पासबुकात सासरचं. बारावीची फी ज्या मुलीची होती ती मधल्या काळात शिक्षण सोडून लग्न होऊन गेली. ते पैसे उशिरा मिळाले तेव्हा तिची आई काही बोलली नाही, पासबुक पदरात गुंडाळून निघून गेली. म्हणून सांगतो, हे काम जेवढं लवकर तेवढं बरं.

आता नवा कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात ऐका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. मजुरी बुडाली तर तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. एका ठिकाणच्या सगळ्या जणींचा मिळून एकच अर्ज चालतो. मजुरी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. अधिकारी थकलेल्या मजुरीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम करू शकतात. मालकाने तरी पैसे दिले नाहीत, तर जिथे काम चालत होतं त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली दाखला जातो. आणि त्या जिल्ह्यात मालकाचं काहीच नसेल, तर तिथून पुढे तोच १८९० चा रस्ता.

ज्या बहिणी ऊसतोडीला, वीटभट्टीवर दुसऱ्या राज्यात जातात, त्यांचं काम उलट्या बाजूने येतं. काम तिकडे झालं म्हणून अर्जही तिकडच्या अधिकाऱ्याकडे करावा लागतो. पण सुरुवात घरून करता येते. आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जा आणि तिकडच्या प्राधिकरणाकडे अर्ज पाठवायला मदत मागा.

आता वही घ्या आणि लिहा. कामाच्या पहिल्याच दिवशी मालकाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि फोन विचारून घ्यायचा. मुकादमाचाही. गाडीचा नंबर, बॉक्स, पावती, पाटी, जिथे त्यांचं नाव दिसेल त्याचा फोटो काढायचा. हजेरी रोज मांडायची. आपलं नाव आधारवर आणि पासबुकावर आहे तसंच लिहायचं. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. हुकूम झाला की त्याच आठवड्यात वसुलीचा अर्ज करायचा आणि मालमत्ता कुठे आहे ते आपणच शोधून द्यायचं.

आमच्या गटात आता नियम केला आहे. कुणी बाहेर कामाला निघाली की जाण्याआधी ही माहिती गटाच्या वहीत लिहून जाते. या हंगामात अकरा जणी गेल्या आहेत, अकरा जणींच्या मालकांची नावं आणि गावं वहीत आहेत. तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं काढा आणि अशी वही सुरू करा. आणि कुणाच्या पेटीत जुना हुकूम पडून असेल, तर तो बाहेर काढून विधी सेवा समितीत घेऊन जा.