वाद नसलेली सीमा
(बऱ्हाणपूर येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत सीमाप्रश्न म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बेळगाव उभं राहतं. त्यामागोमाग निपाणी, कारवार, बिदर, भालकी. या नावांच्या माळेत बऱ्हाणपूर ऐकू येत नाही. आपल्या सीमेला प्रश्नच नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं आहे. आज मला या वाद नसलेल्या सीमेबद्दल बोलायचं आहे. वाद नाही याचा अर्थ त्रास नाही असा होत नाही. उलट वाद नसल्यामुळे काही त्रास कुणाच्या दप्तरातच येत नाहीत.

डोळ्यांना ही सीमा दिसत नाही, हे खरंच आहे. इथून गाडीत बसलं की थोड्याच वेळात रावेर येतं. इच्छापूर ओलांडलं की मुक्ताईनगरचा रस्ता. केळीचं पीक दोन्हीकडे सारखंच, आणि मुक्ताबाईच्या यात्रेला निघालेल्या दिंडीला कुणी ओळखपत्र विचारत नाही. माझ्या आठवणीत ही सीमा प्रत्यक्ष दिसली ती करोनाच्या काळात. मार्च २०२१मध्ये मध्य प्रदेशाने महाराष्ट्राकडच्या बसगाड्या थांबवल्या आणि ज्यांचं माहेर पलीकडे होतं त्यांना कळलं की आपण परराज्यात नांदतो. एरवी ती कागदावर राहते. मी शिक्षकी केली, म्हणून लोक अजूनही कागद घेऊन येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, हा दाखला तिकडं चालते का?" व्याख्यानाचा विषय मला त्या प्रश्नानेच दिला.

थोडा इतिहास सांगतो, कारण पुढचं त्याच्यावर उभं आहे. १६०१पर्यंत हे शहर फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होतं. ज्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून त्याचं नाव पडलं, त्यांचा दर्गा खुलताबादला, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात आहे. १८६०पर्यंत ते शिंद्यांकडे होतं. इंग्रजांकडे आल्यावर ते मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेलं, आणि रावेरसह बाकीचा खानदेश मुंबई इलाख्यात राहिला. म्हणजे बऱ्हाणपूर-रावेर ही रेघ १९५६ची नाही, ती इंग्रजी अमदानीतली आहे. पूर्वेकडची, खकनारच्या अंगाची रेघ मात्र वेगळी. तिकडे मेळघाट आहे, जळगाव जामोद आहे, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडलं गेलं. तेव्हापासून १९५६पर्यंत खकनारचा माणूस आणि धारणीचा माणूस एकाच सरकारच्या हाताखाली होते. राजधानी नागपूर, उच्च न्यायालयही नागपूरलाच.

त्या जुन्या मध्य प्रदेशाने १९५०च्या कायद्याने हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांना राजभाषा केलं होतं. म्हणजे या गावात मराठी ही एके काळी राज्याची भाषा होती. आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं तर त्यांना पटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला वऱ्हाड-नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण नव्या मध्य प्रदेशात आलो आणि मराठी घरात परतली.

घरात परतलेल्या भाषेचं कागदावर काय होतं, ते एका अक्षरावरून दाखवतो. ते अक्षर म्हणजे ळ. इकडचं दप्तर हिंदीत चालतं आणि हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ळ नाही. त्यामुळे काळे 'काले' होतात, माळी 'माली' होतात, कोळी 'कोली' होतात. उच्चारात चालून जातं. पण पलीकडे, महाराष्ट्रात, जातीच्या दाखल्याची पडताळणी करणारी समिती असते आणि ती आजोबांच्या शाळेची नोंद मागते. आजोबा रावेरच्या शाळेत 'कोळी', वडील इकडच्या दाखिल-खारिजमध्ये 'कोली', नातू पुन्हा तिकडे 'कोळी'. तीन पिढ्यांची एकच जात सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं लागतात. कोळी या नावाखाली कोणती शाखा अनुसूचित जमातीत आणि कोणती नाही, यावरच महाराष्ट्रात इतके खटले झाले आहेत की त्यात एक अक्षरसुद्धा जड पडतं. 'पाटील'चं 'पाटिल' झालं तर निदान हसता तरी येतं. इथल्या शिक्षकांनी प्रवेशाच्या दिवशी नोंदवहीत ळ लिहिला, तर वीस वर्षांनी कुणाचे तरी चार हेलपाटे वाचतील. देवनागरीत हे अक्षर आहे, हिंदीच्या वाढीव वर्णांतही ते दिलेलं आहे, आणि ते लिहायला बंदी करणारा नियम मला कुठे आढळला नाही.

शब्दांचं तर पुसूच नका. तिकडे तलाठी, इकडे पटवारी. तिकडे सातबारा, इकडे खसरा आणि बी-वन. तिकडे अधिवासाचा दाखला, इकडे मूल निवासी. इकडे समग्र आयडी नसेल तर सरकारी योजनेच्या दारात उभं राहता येत नाही, आणि तिकडे हा शब्द कुणी ऐकलेला नसतो. दोन्हीकडे शेत असलेल्या शेतकऱ्याची शब्दसंपत्ती आपल्यासारख्या लेखकांपेक्षा मोठी असते.

आता मुख्य गोष्ट. अनुसूचित जाती आणि जमाती यांच्या याद्या घटनेच्या ३४१ आणि ३४२ या अनुच्छेदांप्रमाणे राज्यवार असतात. जात किंवा जमात 'त्या राज्याच्या संबंधात' अनुसूचित मानली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि १९९४ सालच्या निकालांत सांगितलं की माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर हा दर्जा त्याच्यासोबत जात नाही. मागचं कारण समजण्यासारखं आहे. एका राज्यात जो समाज दबलेला आहे तो दुसरीकडे तितकाच दबलेला असेल असं नाही. पण हे कारण आमच्या तापीकाठी लावून पाहा. मध्य प्रदेशाच्या यादीत एक नोंद आहे: कोरकू, बोपची, मवासी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंदेया. महाराष्ट्राच्या यादीत हीच नोंद, हीच नावं. दोन्हीचं मूळ एकाच जुन्या राज्यात आहे. डोंगर तोच, माणसं तीच, यादीतली ओळही तीच, आणि तरी खकनारची कोरकू मुलगी धारणीला सून म्हणून गेली की महाराष्ट्राच्या राज्यसेवेसाठी तिचा दाखला चालत नाही. केंद्राच्या नोकरीत ती अनुसूचित जमातीची, राज्याच्या नोकरीत खुल्या प्रवर्गातली.

२००३मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे छिंदवाडा जिल्ह्यातून महाराष्ट्रात आलेल्या एका आदिवासी कर्मचाऱ्याचं प्रकरण होतं. दोन्ही भाग १९५६पूर्वी एकाच राज्यात होते आणि जमात दोन्ही याद्यांत आहे, हा मुद्दा विचारात घ्यायला हवा, असं न्यायालयाने म्हटलं आणि प्रकरण परत पाठवलं. माणूस सीमेवरून गेला की सीमा माणसावरून गेली, हा फरक तिथे पहिल्यांदा मान्य होताना मला दिसतो. पण याच तर्काने पुढे गेलो तर आपल्या जिल्ह्यात एक विचित्र गोष्ट घडेल. खकनारहून धारणीला गेलेल्या मुलीला तो युक्तिवाद करता येईल. रावेरला गेलेल्या तिच्या बहिणीला येणार नाही, कारण रावेर १९५६पूर्वीही दुसऱ्याच प्रांतात होतं. दोघी बहिणी, एकच दाखला, आणि निकाल ठरणार सासर कोणत्या दिशेला आहे त्यावर.

बायकांच्या बाबतीत ही सीमा जास्त कडक असते, कारण आपल्याकडे लग्नाने स्थलांतर करतात त्या बायकाच. जातीचा दाखला मागताना सरकार विचारतं, कुणाची मुलगी? अधिवास मागताना विचारतं, कुणाची बायको? २०२४मध्ये महाराष्ट्राची 'माझी लाडकी बहीण' योजना आली तेव्हा परराज्यात जन्मलेल्या सुनांची अडचण लगेच समोर आली. सरकारने काही दिवसांतच पतीची कागदपत्रं ग्राह्य धरली. ते चांगलंच झालं. मला त्यातून इतकंच दिसतं की मनात आलं तर हा नियम वाकतो. रेशनचंही तसंच. जानेवारी २०२०पासून दोन्ही राज्यं 'एक देश, एक रेशनकार्ड' व्यवस्थेत आहेत, इकडच्या कार्डावर तिकडे धान्य मिळू शकतं. गहू सीमा ओलांडतो, दाखला ओलांडत नाही.

आता बेळगावकडे परत येतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी वगैरे प्रवेशांच्या नियमांत वेगळी तरतूद आहे. २०२३मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजनाही त्या गावांना लागू केली. त्या मुलांचा मला हेवा वाटत नाही, त्यांनी फार सोसलं आहे. पण शहापूरचा किंवा दापोऱ्याचा मराठी मुलगा त्या अर्जात स्वतःचा रकाना शोधतो आणि त्याला तो सापडत नाही. तो महाराष्ट्रात दहावी-बारावी शिकला नसेल तर बाहेरचा. त्याच्या गावावर कुणी दावा सांगितलेला नाही, म्हणून त्याच्या भाषेची कुणाला आठवण नाही. सीमा बदला अशी माझी मागणी नाही. इथली मराठी माणसं मध्य प्रदेशाची आहेत आणि तशीच राहू इच्छितात, असं माझं निरीक्षण आहे. वाद न करता राहण्याची किंमत त्यांनी किती द्यावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

भाषेचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण मराठीसाठी गळा काढतो, पण आपल्याच शेजारी, जळगाव जामोदकडच्या आणि इकडच्या गावांत, निहाली बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञांना तिचं कोणत्याही भाषाकुळाशी नातं लावता आलेलं नाही. दहा हजारांहून कमी बोलणाऱ्या भाषा १९७१पासून जनगणनेत स्वतंत्र दाखवल्या जात नाहीत, त्या 'इतर'मध्ये जातात. यादीत निहाल कोरकूंच्या नोंदीत, जनगणनेत 'इतर'मध्ये, आणि वस्ती दोन राज्यांत वाटलेली. आपल्याला निदान ८६५ गावांशी तुलना करता येते. त्यांनी कुणाशी करावी?

शेवटी शिक्षकांसाठी एक कामाची माहिती. ज्या दिवशी नवी राज्यं झाली, त्याच १ नोव्हेंबर १९५६पासून घटनेत ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय राज्याने करायची आहे. त्याआधी, ऑगस्ट १९४९मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आकडा ठरवून दिला होता: शाळेत अशी ४० मुलं, किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. टक्केवारीचा वाद नाही, जनगणना लागत नाही. एका वर्गात दहा नावं लागतात. मी ज्या शाळेत होतो तिथे पालक तोंडी म्हणायचे, "पोरगं घरी मराठीच बोलते", आणि प्रवेश अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात 'हिंदी' लिहून जायचे. कारण तो रकाना बहुतेक वेळा शाळेतला कुणीतरी न विचारताच भरत असे. यंदाच्या प्रवेशांना अजून वेळ आहे. अर्ज भरताना पालकाला तो रकाना वाचून दाखवा, आणि दहा नावं झाली की यादी करून, पोच घेऊन, मुख्याध्यापकांकडे द्या.