पट किती, हजर किती?

श्रोतेहो, शाळेची हजेरी विचारली की गुरुजी दोन आकडे सांगतात: पटावर किती आणि हजर किती. नुसती ‘चाळीस मुले आली’ एवढ्याने काय कळणार? फ्लूच्या लसीचा हिशेबही असाच आहे.

फ्लूचा विषाणू सारखा रूप पालटतो. म्हणून लसही वरचेवर बदलावी लागते, आणि ती किती जणांनी घेतली याची मोजणी दर हंगामाला नव्याने करावी लागते. या रोगाचा मोठा तडाखा म्हाताऱ्या माणसांना बसतो. त्यांच्यापैकी निदान ७५ टक्के लोकांना २०१० पर्यंत लस मिळावी, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य सभेने २००३ साली ठरवले. पुष्कळ देशांना ते गाठता आले नाही.

पण कोणी किती गाठले, हे ओळखायचे कसे? इंग्लंडात दवाखान्यांतल्या नोंदी पाहतात. अमेरिकेत लोकांना दूरध्वनीवरून विचारतात, ‘लस घेतलीत का?’ तिथे माणसाच्या आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. डेन्मार्कात टोचलेल्या लसींची राष्ट्रीय नोंद असते. कुठे नुसत्या वाटलेल्या मात्रा मोजतात. त्यात वयाची अटही सारखी नाही. इंग्लंडात ही लस ६५ वर्षांपासूनच्या सर्वांना देतात, तर जर्मनीत ६० पासून!

आता एक हिशेब करू या. समजा, एका गावात १०० वृद्ध आहेत. लसीच्या ८० मात्रा आल्या. त्यांतल्या ६० टोचल्या, २० पडून राहिल्या. टोचलेल्या ६० पैकी १५ तरुणांनी घेतल्या. आलेल्या मात्रा मोजणारा म्हणेल, ८० टक्के. टोचलेल्या मोजणारा म्हणेल, ६०. वृद्धांची यादी हाती घेऊन घरोघर फिरणारा म्हणेल, ४५. गाव एकच, उत्तरे मात्र तीन! आणि तिन्ही आकडे आपापल्या परीने खरे.

तेव्हा मंडळी, अमुक देश पुढे, तमुक मागे, असे वाचलेत तर तीन गोष्टी विचारा. शंभर कोण धरले? मोजले काय? आणि कोणत्या हंगामात? शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. कारण ‘८० टक्के झाले, उद्दिष्ट पार पडले’ म्हणून निश्चिंत बसलेल्या त्या गावात ५५ म्हातारी माणसे लसीवाचून राहिलेली असतात, आणि त्यांच्या दाराशी कोणी जात नाही.